मोइराची पट्टी

"तुझं मशीन स्लो चाललंय," डग म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, जुनी सीडी लावून बघ. तुझ्या ट्रान्सफरमध्ये बाई झोपेत गातेय."

डग माझा बॉस. न्यू जर्सीत त्याचा छोटासा स्टुडिओ होता. जुन्या टेपांवरचं संगीत कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि त्यावरून नव्या सीडीसाठी मास्टर, म्हणजे छापायची मुख्य प्रत, तयार करायचा, हे आमचं काम. मी सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. नवऱ्याबरोबर जर्सी सिटीला आले आणि वर्क परमिट मिळाल्यावर सगळ्यांसारखी आयटीत न जाता इथे शिरले. आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींना ते कधीच पटलं नाही.

दोन हजार सहाच्या सुमाराची ही गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्ड कंपनीने आमच्याकडे एका स्कॉटिश बँडच्या पहिल्या अल्बमच्या टेपा पाठवल्या होत्या. न्यू वेव्ह बँड, म्हणजे ऐंशीच्या आसपासचं ते संगीत, ज्यात गिटारच्या जोडीला सिंथेसायझर आणि ठोक्याला ड्रम मशीन असायचं. अल्बम ग्लासगोला रेकॉर्ड झाला होता. त्याची नवी सीडी निघायची होती.

अशा जुन्या टेपांची एक खोड असते. टेपवरचा थर धरून ठेवणारा गोंद वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. तशीच मशीनवर लावली तर टेप किंचाळते आणि थर खरवडून निघतो. म्हणून ती आधी मंद उष्णतेवर तासन्तास शेकवायची. त्यानंतर काही आठवडे ती शहाण्यासारखी वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. माझ्या नवऱ्याला, शिरीषला, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, एम. ई. होऊन तू ऑफिसात टेपा भाजतेस? तुझ्या आईंना सांगू नकोस यार."

या अल्बमच्या दोन टेपा आल्या होत्या. एक ग्लासगोच्या स्टुडिओतली मूळ टेप. दुसरी तिच्यावरून लंडनला केलेली कॉपी. बाजारात आलेली रेकॉर्ड आणि पुढे निघालेली सीडी या कॉपीवरून झाली होती. ती कॉपी शेकवूनही सुधारली नाही. म्हणून मी मूळ टेप उतरवली, आणि ती जुन्या सीडीपेक्षा हळू आणि खालच्या सुरात वाजली. फरक पेटीवरच्या शेजारच्या पट्टीपेक्षा जरा कमी. पण ऐकणाऱ्याला लगेच कळेल इतका.

मी मशीन तपासलं. त्यासाठी एक खास टेप असते, तिच्यावर ठरावीक सूर भरलेला असतो. तो नेमका वाजला. डगचं समाधान होईना. त्याने पहिल्या गाण्याआधीचा शांत भाग कॉम्प्युटरवर मोठा करून ऐकला. तिथे गिटारच्या अँप्लिफायरची बारीक घरघर होती. आमच्या भाषेत हम. ती घरातल्या विजेतून येते आणि तिचा सूर वीजच ठरवते.

"पन्नास," डग विजयी चेहऱ्याने म्हणाला. "हम साठचा असतो. बघ, मशीन स्लो!"

मला हसूच फुटलं. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते. ब्रिटनमधली आणि आपल्याकडची, पन्नास वेळा. सांगलीला आमच्या घरातला जुना रेडिओ याच सुरात दिवसभर गुणगुणायचा. टेप ऐकताना मला दोन दिवस घरची आठवण का येत होती, ते आत्ता कळलं.

"डग, ही टेप ग्लासगोची आहे. तिथे पन्नासच."

डगने कपाळावर हात मारला. मग त्याने जुनी सीडी लावून तोच भाग ऐकला. हम बावन्नला होता. ग्लासगोतली वीज एका सीडीपुरती जोरात धावायला लागली नसणार. म्हणजे मूळ टेप बरोबर होती. लंडनला कॉपी करताना कुणीतरी स्पीड वाढवला होता. गाणी तरतरीत वाटावीत म्हणून त्या काळात असं सर्रास करत.

डगने कंपनीच्या माणसाला, केविनला, फोन लावला.

"चाहत्यांच्या कानात जुनी सीडी बसलीय," केविन म्हणाला. "त्याच स्पीडला आणा. गुरुवारी मोइरा येतेय. तिला ऐकवा, सही घ्या."

मोइरा म्हणजे या अल्बमची गायिका. तिची आणि गिटारवाल्या भावाची, अॅलनची, संमती असल्याशिवाय सीडी काढता येत नव्हती. मी स्पीड वाढवला. कॉम्प्युटरवर एक आकडा बदलायचा, बस.

गुरुवारी मोइरा आली. पंचेचाळिशीची, उंच, राखाडी केसांची. अमेरिकन माणसाशी लग्न करून ती पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाली होती आणि एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसत होती. हाताची घडी घालून तिने पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. चेहरा मख्ख.

"छान झालंय," ती म्हणाली. "या पोरीने माझं वाटोळं केलं."

"कुठल्या पोरीने?" मी विचारलं.

"हीच. रेकॉर्डवरची मी."

मग तिने सांगितलं. अल्बम गाजला आणि कंपनीने त्यांना टूरवर पाठवलं. सिंथेसायझर स्टेजवर दगा द्यायचे, म्हणून ड्रम मशीन आणि सिंथचा भाग टेपवर भरून कंपनीनेच दिला होता. रोज संध्याकाळी सगळे त्या टेपशी गिटार जुळवायचे. आणि रोज रात्री मोइराचा आवाज वरच्या सुराला फाटायचा.

"स्टुडिओत जमलं होतं ना, मग आता काय झालं? सगळे हेच विचारायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी अॅलन म्हणाला, तुझा आवाज गेलाय. माझ्या जागी दुसरी आणली." ती हसली. "भाऊ आहे हो माझा. त्याचंही चूक नव्हतं. टेप थोडीच चुकणार?"

मी डगकडे पाहिलं. ती टेप रेकॉर्डशी जुळणारी, म्हणजे वाढवलेल्या स्पीडचीच असणार, हे त्यालाही कळलं होतं. त्याने मान हलवली. नको. केविनची कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक होती, हे मला माहीत होतं. पण ही बाई अर्धं आयुष्य स्वतःच्याच आवाजाकडून हरत आली होती आणि कारण माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मला राहवेना.

"मोइरा, आता हे ऐका," मी म्हटलं आणि मूळ स्पीडचं लावलं.

दुसऱ्या ओळीला ती पुढे सरकली. कडव्यापाशी पुटपुटायला लागली. धृपदाला उभी राहून गायलीच. आवाज वयाने जाड झाला होता, पण तो वरचा सूर आला तेव्हा ती त्यावर अलगद जाऊन बसली. न फाटता. मग एकदम थांबली.

"काय केलंस तू याला?"

"काही नाही. तुम्ही गायलात ते एवढंच होतं. वर लंडनवाल्यांनी नेलं."

मी तिला हमचा पन्नास-बावन्नचा हिशोब दाखवला. मला वाटलं रडेल. ती भयंकर संतापली. तिने तिथूनच स्कॉटलंडला अॅलनला फोन लावला, "लंडनला स्पीड वाढवला होता, हे मूळ ऐक" म्हणाली, आणि रिसीव्हर स्पीकरला धरला. गाणं संपल्यावर थोडा वेळ ऐकत राहिली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" डगने हळूच विचारलं.

"म्हणाला, आम्हाला वाटलं तूच चुकतेस."

त्या दिवशी तिने सही केली नाही. मूळ स्पीडला काढत असाल तरच करेन म्हणाली. अॅलननेही तेच कळवलं. केविन डगवर ओरडला, डग माझ्यावर, आणि महिन्याभराने सीडी मूळ स्पीडला निघाली. इंटरनेटवर काही चाहत्यांनी लिहिलं की नवी सीडी स्लो आहे, गायिका थकलेली वाटते, इंजिनियरला काढून टाका. डगने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

अॅलनने मोइराला पुन्हा बँडमध्ये बोलावलं होतं. ती गेली नाही. मला फोन केला तेव्हा मी कारण विचारलं.

"आवाज आहे गं," ती म्हणाली. "ती वर्षं नाहीत."

तेव्हापासून कुणाचा आवाज गेला असं ऐकलं की मी आधी टेपचा स्पीड तपासते.