सलीमभाई आणि कागदाचं वजन

नारायण पेठेतल्या एका कागदाच्या दुकानात मी तीस वर्षं काढली. किस्से साठत गेले, ऐकणारे मात्र एकेक करून कमी झाले. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

पहिल्या दिवशी आमचे जुने सेल्समन सलीमभाई म्हणाले, “जीएसएम म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद कागदाचं ग्रॅममध्ये वजन.”

“एवढा कागद आपण विकतो कुठे?”

“नाही विकत. म्हणून गुणाकार शिका. लांबी, रुंदी सेंटिमीटरमध्ये, गुणिले जीएसएम, भागिले वीस हजार. पाचशे कागदांच्या रीमचं वजन किलोत येतं.”

मी ऐंशी जीएसएमच्या ए-फोरचं काढलं. जवळजवळ अडीच किलो. काट्यावरही तेवढंच! मी खोलीवर एकटाच राहायचो, सांगायला कोणी नव्हतं. म्हणून संध्याकाळी सलीमभाईंनाच परत सांगितलं.

“कळलं,” ते म्हणाले. “उद्या सांगू नका.”

* * *

लग्नपत्रिकेसाठी एक गृहस्थ आले. तीनशे जीएसएम ऐकून दचकले. “अहो, तीनशे ग्रॅमची पत्रिका पोस्टमन उचलेल का?”

सलीमभाई म्हणाले, “मीटरभर छापणार असाल, तर नाही उचलणार.”

* * *

पावसाळ्यात एका प्रेसवाल्याची तक्रार आली, रीम हिशेबापेक्षा जड भरतंय.

“कागद हवेतलं पाणी पितो,” सलीमभाई म्हणाले. “त्याचे पैसे लावलेले नाहीत.”

* * *

सलीमभाई कागद दोन बोटांत चोळून जीएसएम सांगायचे. मी मागाहून काट्यावर तपासायचो. कधी चुकले नाहीत.

त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्यावर आठवड्याभराने ते कामावर आले. मी नेहमीसारखा कागद पुढे केला. बराच वेळ चोळत राहिले. म्हणाले, “सत्तर.”

नव्वदचा होता. मी काट्याकडे गेलो नाही. पुन्हा कधी विचारलंही नाही.

* * *

शनिवार पेठेतल्या लेलेबाई, निवृत्त शिक्षिका. मुलगी कॅनडात. पत्रासाठी नेहमी सगळ्यात पातळ कागद न्यायच्या.

“वीस ग्रॅमच्या तिकिटात किती पानं बसतील हो?”

“तीस जीएसएमची, पाकीट धरून, आठ,” सलीमभाई सांगायचे.

“दोन कमी पडतात. अक्षर बारीक काढीन.”

हे कितीतरी वर्षं चाललं. मग एकदा आल्या आणि शंभर जीएसएमचा कागद मागितला.

सलीमभाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला. “बाई, याची दोनच पानं बसतील.”

“एक पुष्कळ होतं हल्ली,” बाई म्हणाल्या. “ते तरी तिच्या हाताला जड लागू दे.”