पिल्लंवाली मरळ

गावात शिरलं की डोमाजी आधी कोंबडे बघायचे, मग गुरं. आम्ही दोघे गुरांच्या दवाखान्यातले. मी पर्यवेक्षक, ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मलमपट्टी करणारे ड्रेसर. राळेगाव तालुक्यातले लसीकरणाचे दौरे माझ्या मोटारसायकलवर व्हायचे. मागे डोमाजी, मांडीवर लशीची पेटी आणि खांद्याला कापडी पिशवीत बांबूचे तीन तुकडे. एकात एक बसवले की गळाची काठी तयार.

गळाला ते गांडूळ लावत नसत. कोंबड्याच्या मानेचं पीस लाल दोऱ्याने असं गुंडाळायचे, की पाण्यावर नाचवलं तर जिवंत वाटावं. त्याला ते ‘पाखरू’ म्हणत. कुणाच्या अंगणात झोकदार कोंबडा दिसला की म्हणत, “बाई, लस फुकट हाय, पन मानेचं एक पीस लागन.” बायका हसायच्या आणि द्यायच्याही. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी टोकलं की उत्तर तयार, “गुराले लस, मानसाले खर्रा.”

त्यांची बायको शेतात साप चावून गेली, तेव्हा मुलगी सुषमा दीड वर्षाची होती. तिला त्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर वाढवलं, दुसरं लग्न केलं नाही. याविषयी ते कधी बोलले नाहीत, मला हे गावकऱ्यांकडून कळलं.

पोळ्यानंतरचा एक दौरा. वर्धा नदीच्या काठाला साचलेल्या पाण्यात माशाच्या तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला, कुंकू सांडल्यासारखा. मी हरखलो, कारण पिल्लांच्या खाली राखणीला त्यांची आई, मोठी मरळ असणार. डोमाजींनी पिशवी उघडलीच नाही.

“पिल्लंवाल्या मरळीले पाखरू दाखवू नोको, भाऊ. तिले भूक नसते. पिल्लाईवर कोनी आलं म्हून ते झडप घालते. असी मरळ कोनीबी धरन.”

एवढं सांगून ते राहिलेली दोन गुरं टोचायला गावात गेले. पिशवी माझ्याजवळच राहिली. त्यांच्याकडून वर्षभर शिकूनही मला एक मासा लागला नव्हता, त्याची लाज मनात होती. मी काठी जोडली. पहिल्याच फेकीला मरळ आली, हातभर लांब. ती उचलून मी मोठ्या ऐटीत गावात त्यांच्याकडे धावत गेलो.

त्यांनी माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “पिल्लं आता कोनाची?”

नंतर काठावर परत येऊन ते खंड्या आणि बगळे हाकलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि एसटीने पुन्हा तिथेच गेले. तिसऱ्या दिवशी कामावर आले, पेटीत बर्फ भरला आणि पिल्लांविषयी एकच शब्द बोलले, “सरले.”

काठी त्यांनी दवाखान्याच्या कपाटावर ठेवून दिली. चुकलं माझं, असं मी दोनदा म्हणालो. “माह्याजवळ कायले म्हनता?” एवढंच उत्तर मिळालं. पुढे चार वर्षं आम्ही एकाच गाडीवर हिंडलो. ते हसायचे, बोलायचे, माझ्या डब्यातली भाजी हक्काने घ्यायचे. नदी आली की मात्र दुसरीकडे बघायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी खर्ऱ्याने घसा खाल्ला. यवतमाळच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा आवाज पार गेला होता. सुषमा तेव्हा नर्सिंग शिकत होती, औषध आणायला खाली गेलेली. डोमाजींची नजर दाराकडे लागलेली. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “सुषमाची काळजी करू नका. मी आहे.”

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हात सोडवून घेतला आणि हळूहळू तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

सुषमा आता नेरला नर्स आहे, सगळं स्वतःच्या हिमतीवर. मी दर रविवारी न चुकता तिला फोन करतो. तिला माझं कौतुक वाटतं. मागच्या रविवारी म्हणाली, “काका, सख्खा बाप नाही ठेवत इतकी काळजी ठेवता तुमी. काहून जी?”

मी म्हणालो, तुझ्या बाबांना शब्द दिलाय. त्यांनी तो घेतला नव्हता, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.