पोर्चमधली होडी

रिटायर झाल्यावर माणसं मॉर्निंग वॉक करतात, गुडघे दुखवून घेतात. मी पोर्चमध्ये शिडाची होडी बांधायला घेतली. नागपूरच्या मनीषनगरात पोर्च असतो कारसाठी. आमची कार रस्त्यावर उन्हात भाजत होती आणि शेजारचे काका रोज कुंपणावरून तेच विचारत होते, "काय गा भाऊ, समुद्र येऊन राहिला का इकडे?" पहिल्या दिवशी मी हसलो. पंधराव्या दिवशी मात्र होडीला लावायचं चिकट एपॉक्सी त्यांच्या तोंडाला फासावं असं वाटलं.

मदतीला जुन्या महाल भागातला एक सुतार होता. जन्मभर त्यानं लग्नाचे दिवाण बनवले. होडीतल्या बाकाखाली गाद्या ठेवायला कप्पा काढू आणि वरून सनमायका मारू, हा हट्ट त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

होडीच्या नकाशात एकाच माणसाची जागा होती. मी दोघांची केली, कारण बायको म्हणाली होती, "मी समोर बसीन, आधीच सांगून ठेवते." पस्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही उद्योगात तिनं आपण होऊन जागा मागितली नव्हती. मला फार आनंद झाला होता. अर्थात तो मी तिला सांगितला नाही.

मे महिन्यात प्लायवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून एपॉक्सी चढवायचं काम आलं. घामाच्या धारा लागलेल्या. मी पोर्चमधून ओरडून कूलर मागितला. बायकोनं तो ओढत आणला, टाकीत पाणी भरलं आणि विचारलं, "याची ओल चालते का त्याले?" मी म्हणालो, "अवं, तुले काय समजते यातलं?"

नागपूरकराला कूलर म्हणजे थंड हवा. ती ओली असते हे त्याच्या लक्षातच येत नाही. सकाळी सगळ्या होडीवर ओलीनं पांढुरकी, तेलकट साय आली होती. मी शहाण्यानं त्यावरच दुसरा थर दिला, तो दोन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटून आला. तेवढ्यात काका हजर. "काहून गा, काय झालं?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "हिनं कूलर लावला ना!"

बायको दारातच उभी होती. "चांगलं झालं तर तुमचं, बिघडलं तर माझं," एवढंच बोलून ती आत गेली. त्यानंतर होडीचा विषय तिनं काढला नाही. मी महिनाभर पॉलिश पेपर घासत बसलो आणि कॉलनीभर बातमी पसरली की वहिनींच्या कूलरनं होडी खाल्ली. मी ती पसरू दिली. चारचौघांत चूक कबूल करायची सवय मला नव्हती, घरातही नव्हती.

दिवाळीनंतर टेम्पोत घालून होडी शहराबाहेरच्या तलावावर नेली. अर्धी कॉलनी डबे घेऊन आलेली. होडी तरंगली! मी आत बसलो. वारा नावाला नाही, शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबलेलं. मी बायकोला हाक मारली. ती काठावरून म्हणाली, "तुमीच जा. माझा हात लागला तर बुडायची."

सगळे हसले. काका तर जोरात, "बरोबर आहे! कूलरवाल्या वहिनी!" ती हसली नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून दुसरीकडे बघत राहिली. ते मला सहन होईना. मी होडीत उभा राहिलो, होडी डुगडुगली, आणि ओरडलो, "कूलर मीच मागितला होता! तिनं विचारलं होतं, ओल चालते का म्हणून. मूर्ख मी होतो!"

बायकोनं चपला काढल्या, साडी वर खोचली आणि गुडघाभर पाण्यातून चालत होडीपाशी आली.

"हे घरी बोलले असते," ती हळूच म्हणाली, "तर इतके महिने मी तुमच्याशी भांडली तरी असती."

मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. होडीची कड धरून चढली आणि समोरच्या जागेवर जाऊन बसली.