बिनपायरीची गाडी

दिवाकरभाऊ कुठल्याही दुकानात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला. "यातलं टॉपचं कोनतं हाय?" कापड असो, पंखा असो, नाहीतर पोरीच्या लग्नातला बँड असो. एकदा आमच्या घाटंजीच्या आठवडी बाजारात त्यांनी वांग्यांच्या ढिगाकडे बोट करून हेच विचारलं. विकणारी म्हातारी म्हणाली, "बाप्पा, वांगे हायेत थे. सारे एकाच वावरातले." भाऊंना ते काही पटलं नाही. त्यांनी पलीकडून दुप्पट महाग वांगी घेतली. ती आतून किडकी निघाली, हे मला दुसऱ्या दिवशी कुसुमवहिनींनी सांगितलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं मलाही लहानपणी शिकवलंय. भाऊंच्या बाबतीत मी बराच प्रयत्न केला, पण जमत नाही. तेव्हा जे होतं तेच सांगतो.

भाऊंची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आणि त्याला लागूनच त्यांचा बंगला. माझं घर बंगल्याच्या मागे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, एवढ्यावरून भाऊंनी मला स्वतःचा दुभाषा नेमून टाकलं होतं. परदेशी मिक्सरचं माहितीपत्रक असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुंपणावरून हाक यायची, "मास्तर, इकडे या तं! हे काय लिहून राह्यलं पाहा." वहिनी मला भाऊजी म्हणायच्या आणि हाकेची भरपाई म्हणून चहा द्यायच्या. वहिनी पुसदच्या. गुडघ्यांनी पार गेलेल्या, जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या तरी कठड्याला धरून उभ्या राहायच्या. त्यांची माय पुसदला अंथरुणाला खिळलेली होती. रोज संध्याकाळी वहिनींचा तिथला भाऊ तिच्या कानाला फोन लावायचा आणि वहिनी मोठ्यानं ओरडून सांगायच्या, "येतो व माय, गाडी आली का येतोच!" आमच्याकडे बायकाही 'येतो', 'म्हणतो' असंच बोलतात.

त्या गाडीचीच ही गोष्ट आहे.

कापसाचे ते दिवस फार वाईट होते. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. लोकांनी कापूस विकलाच नव्हता, घरात छताला लागेस्तोवर रचून ठेवला होता. माणसं त्याच्या कडेनं अंग चोरून झोपायची आणि सकाळी अंगभर खाजवत उठायची. असल्या दिवसांत दिवाकरभाऊंनी ठरवलं की आता आपण परदेशी बनावटीची, सगळ्यात मोठी, उंच गाडी घ्यायची. बरं, घ्या! मी कोण अडवणारा? पण नागपूरच्या शोरूममध्ये मला कशाला फरपटत न्यावं?

शोरूममध्ये टाय लावलेला सेल्समन अदबीनं म्हणाला, "सर, इंजिनाचे तीन पर्याय आहेत. दोन डिझेल आणि एक मोठं पेट्रोल."

"डिझल तं टॅक्टर पेते," भाऊ म्हणाले. "पेट्रोलचं सांग."

"सर, पेट्रोल इंजिन इतकं शांत आहे की चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

भाऊंचा चेहरा पडला. "आवाजच नाही येत? मंग लोकायले समजन कसं, कोन आलं थे?"

झाली पंचाईत! डिझेलला आवाज होता पण इज्जत नव्हती, पेट्रोलला इज्जत होती पण आवाज नव्हता. भाऊ कपाळाला हात लावून सोफ्यावर बसले. इतके चिंतेत मी त्यांना कापसाचे भाव कोसळले तेव्हाही पाहिलं नव्हतं. शेवटी सेल्समननंच तोड काढली. वेगळे पैसे भरले तर पेट्रोल गाडीला एक खास धुराडं बसवून मिळत होतं, त्यातून वाघासारखा आवाज निघायचा. म्हणजे आधी आवाज बंद करायचे पैसे द्यायचे, मग तो परत आणायचे! भाऊंनी मांडीवर थाप मारली. "हे पाह्यजे!"

मग जास्तीच्या वस्तूंची यादी सुरू झाली. मी मराठीत सांगत होतो आणि भाऊ मान डोलवत होते. उघडणारं छत, घ्या. दोन सीटांच्या मधे फ्रिज, घ्या. बर्फावरून चालायची सोय, घ्या. पुढे आलं, सीट गरम करायचं बटण.

"भाऊ," मी म्हटलं, "मे महिन्यात आपल्याकडे सायकलचं सीटसुद्धा फुकटात भाजून काढते. हे कायले?"

"टॉपच्या मॉडेलात हाय ना थे?"

"आहे."

"मंग तुमच्या पोटात काहून दुखते, मास्तर?"

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर माझ्यावर एकतर्फी बोलल्याचा आरोप येईल. पाठ चेपून देणारी सीट त्यांनी वहिनींच्या बाजूला मागितली. "हिचे गुडघे दुखतात," म्हणाले. सीट पाठ चेपते, गुडघे नाही, हे मी सांगितलं. पण तोपर्यंत ते पुढच्या पानावर गेले होते.

एवढा वेळ वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, शोरूममधल्या पांढऱ्या गाडीपाशी गेल्या आणि दाराला धरून पाय वर टाकून पाहिला. पाय पोचेना. दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा गुडघ्यातून अशी कळ गेली की त्या मटकन खालीच बसल्या. सेल्समन धावला. "मॅडम, खाली पायरी बसवून मिळते. इथेच, एका दिवसात. आणि ही पांढरी गाडी तयार आहे, परवा घेऊन जा. सरांनी निवडलेली मात्र ऑर्डर देऊन बाहेरून येईल, पाच-सहा महिने लागतील."

वहिनी नवऱ्याशी चारचौघांत कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "मी काय म्हणतो, हे उभी हाय तेच घ्या ना. अन् मले थे पायरी लावून द्या. मले बाकी काहीच नाही पाह्यजे. माय वाट पाहून राह्यली हो."

भाऊ हसले. "पायरी? काळी-पिवळी हाय काय थे? पायरी दिसली का लोकं लटकलेच समज! बाजाराच्या दिवशी चार इकडून, चार तिकडून. माह्या गाडीले पायरी नाही लागत."

आमच्या भागातल्या काळ्या-पिवळ्या जीपा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे समजेल. आत पंधरा माणसं, आणि बाजूच्या पायरीवर उरलेलं गाव. भाऊंच्या डोक्यात पायरी म्हणजे लटकणारा माणूस, एवढंच होतं. आणि लटकणाऱ्या माणसांचा कापूस घेऊनच आपला बंगला उभा राहिलाय, हे त्या डोक्यात कधी शिरलं नाही. तर त्यांनी जगातल्या सगळ्या जास्तीच्या वस्तू घेतल्या आणि बायकोनं मागितलेली एक तेवढी सोडली. सही करताना पेनही त्यांनी सेल्समनकडून "चांगला असन तं दे" म्हणून बदलून घेतला.

जुनी गाडी त्याच दिवशी विकली. नवी टॉपची येणार असताना जुनीत बसायचं म्हणजे कमीपणा! त्यामुळे पुढचे कितीतरी महिने जिनिंगचा हा मालक मुनीमजींच्या मोटारसायकलवर मागे बसून, पोटाशी गाडीचं माहितीपत्रक धरून हिंडत होता. फाटकापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. भाऊ रांगेतून फिरताना एखाद्याच्या गाडीतला कापूस मुठीत ओढायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "हे तं साधं मॉडेल हाय. याले टॉपचा भाव कसा देऊ?" आणि लगेच तेच माहितीपत्रक त्याच्यापुढे उघडून विचारायचे, "सीटाचं चामडं लाल घेऊ का बदामी?" रात्रभर थंडीत कुडकुडत बसलेला तो माणूस काय बोलणार? एक जण फक्त बोलला, "भाऊ, आधी कापसाचा रंग तं पाहा!" त्याची गाडी त्या दिवशी सगळ्यात शेवटी मोजली गेली.

घरात वहिनी म्हणाल्या, मी एसटीनं जाऊन येतो. भाऊ उसळले, "येवढी गाडी बुक केली अन् मालकीण एसटीत? लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, भाड्याची गाडी करून द्या. "भाड्याची? मास्तर, तुम्हाले इज्जत समजत नाही." नव्हतीच समजत. मला पुसदचं अंतर समजत होतं. सकाळी निघालं तर माणूस जेवायच्या वेळेला आईजवळ असतो.

गाडी जवळजवळ यायला टेकली होती. तेवढ्यात दारव्ह्याच्या एका ठेकेदारानं तसलीच गाडी आणली, आणि तिच्या छताला आतून चांदण्यांसारखे दिवे होते. भाऊंना ते दिवे माहितीपत्रकात दिसले नव्हते, कारण मी ते पान वाचून दाखवताना ते झोपले होते. त्यांनी शोरूमला फोन करून ऑर्डर बदलली. पुन्हा पहिल्यापासून वाट! हे कळलं तेव्हा वहिनी मागच्या दारात तूर निवडत होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मायले आज काय सांगू मी?" त्या संध्याकाळीही त्या फोनवर ओरडल्या, गाडी आली का येतोच.

पावसाळा सरला, आणि एका सकाळी पुसदहून वहिनींच्या भावाचा फोन आला. माय गेली होती. भाऊ लगबगीनं उठले. "थांब, नागपूरहून चांगली गाडी बोलावतो. अशा टायमाले साध्या गाडीत नाही जाता येत." वहिनींनी पदर खोचला, चपला घातल्या आणि सरळ स्टँडकडे चालू लागल्या. मी मागे धावलो. आर्णीकडे जाणारी काळी-पिवळी उभी होती. ड्रायव्हरनं त्यांचं तोंड पाहिलं आणि न विचारता पुढची सीट रिकामी केली. वहिनींनी पायरीवर पाय ठेवला, दांडीला धरलं आणि चढून बसल्या. कुणाला हात द्यावा लागला नाही. आर्णीला आम्ही दुसरी काळी-पिवळी पकडली. तिथेही तसंच झालं.

पुसदला सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. भावानं सांगितलं, "शेवटी शेवटी बाहेर हॉर्न वाजला का मायले वाटे तूच आली. म्हने, पाहा रे, कुसुम हाय काय?" वहिनी मायच्या पायाशी बसल्या आणि ज्या रडल्या, ते ऐकवत नव्हतं. भाऊ दुपारी पोचले, नागपूरच्या गाडीतून, दोघांना उचलावा लागेल असा हार घेऊन. खिडकीची काच खाली करून त्यांनी मला आधी विचारलं, "हार मोठा हाय ना सगळ्यात?" मी मान फिरवली. तिथे माणसं होती म्हणून, नाहीतर मी त्या दिवशी हात उचलला असता.

दिवाळीनंतर गाडी आली. काळीशार, घरापेक्षा चकचकीत. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, धुराड्यातून वाघ ओरडला आणि आळीतली कुत्री घाबरून पळाली. भाऊंनी पुढचं दार उघडलं. चांदण्या लागल्या. "बस कुसुम. पाठ चेपते थे सीट."

वहिनींनी गाडीला ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मले आता कोठी जाचं हाय?" आणि आत निघून गेल्या. त्या गाडीत त्या कधीच बसल्या नाहीत. भाऊंनी पुष्कळ म्हणून पाहिलं. शेवटी म्हणायचं सोडलं.

मग तो वाघ रोज बंगल्यातून निघायचा आणि शेजारच्या जिनिंगमध्ये शिरायचा. सीटांवरचं प्लास्टिक भाऊंनी काढू दिलं नाही. एका मे महिन्यात चुकून ते सीट गरम करायचं बटण दाबलं गेलं, आणि बंद कसं करायचं हे कुणालाच येईना. भाऊ त्या प्लास्टिकवर घामाघूम बसून ओरडत होते, "मास्तर, पुस्तक आणा, पुस्तक!" मी आणलं. जरा सावकाशच आणलं.

काही वर्षांनी नागपूरच्या दवाखान्यात भाऊ गेले. हृदयाचं दुखणं. तिथेही त्यांनी नर्सला विचारलं होतं म्हणे, "यातला टॉपचा डॉक्टर कोनता?" माणूस शेवटपर्यंत सुधारला नाही.

वहिनींनी गाडी विकून टाकली. वणीच्या एका ट्रकमालकानं घेतली. महिनाभरानं तो त्याच गाडीतून कागदांवर सही घ्यायला आला, तेव्हा त्याची म्हातारी आई सोबत होती. मी अंगणातच उभा होतो. दार उघडलं, आणि ती म्हातारी एका हातानं लुगडं सावरत, कुणाचा आधार न घेता खाली उतरली. खाली लोखंडी पायरी लावलेली होती. साधीच, वणीत बसवून घेतलेली.

वहिनींनी सही केली. मग त्या गाडीजवळ गेल्या, पायरीवर पाय ठेवला आणि वर चढल्या. गुडघा कुरकुरला नाही. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, पुसदच्या रस्त्याकडे तोंड करून, आणि उतरल्या.

"येवढीशी तं लागत होती, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्या म्हातारीसाठी चहा टाकायला आत गेल्या.