आधी आंघोळ, मग बाकीचं

"आधी आंघोळ, मग बाकीचं."

हे म्हणताना काकूंचा एक हात दाराच्या चौकटीवर असे. म्हणजे रस्ता बंद. दवाखान्यातून आलेला, केस कापून आलेला, मयताहून आलेला, नुसताच विमानातून उतरलेला, सगळ्यांना एकच नियम. कराडच्या घरातला हा नियम त्यांनी कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरोला जसाच्या तसा आणला होता. त्यांच्या मुलाचा एक गोरा मित्र पाय मुरगळून इमर्जन्सीतून परस्पर त्यांच्याकडे आला, तर त्याच्याही हातात त्यांनी टॉवेल दिला. तोही बिचारा लंगडत मुकाट्यानं गेला.

तुम्हीही अशा काकू पाहिल्या असतील. मी त्यांची शेजारीण. आमची भांडणंही पुष्कळ झाली आहेत, तेव्हा नुसतं कौतुक सांगायला बसले आहे असं समजू नका. काका गेल्यावर त्यांनी बेसमेंट महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या मुलींना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाड्यात जेवण धरलेलं होतं आणि हुकूम फुकट होते. केस बांध, जाकीट घाल, फोन ठेव.

त्यातली एक अमरावतीची. कॉलेज सांभाळून एका दुकानात पार्टटाइम काम करायची. एका रविवारी दुपारी ती शिफ्टवरून आली ती पांढरीफटक होऊन. काकूंना वाटलं, थंडी बाधली. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, गरम पाणी सोडून दिलं आणि तिचे कपडे स्वतःच्या हातांनी मशीनमध्ये टाकले. आंघोळ करून आल्यावर, समोरच्या आमटीभाताला हात न लावता ती म्हणाली, "काकू, मॅनेजरनं माझ्यावर जबरदस्ती केली." घरी सोडतो म्हणून त्यानं तिला गाडीत घेतलं होतं.

काकू कोट न घालता बर्फातून माझ्या दारात आल्या. "गाडी काढ. मी सगळं धुऊन टाकलंय गं." टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका त्या नेमानं बघत. पुरावा म्हणजे काय ते त्यांना बरोबर ठाऊक होतं, फक्त आठवलं उशिरा.

गाडीत मुलगी एवढंच बोलली, "पीआरला, इथं कायमचं राहायला, त्याचंच एक्सपीरियन्स लेटर लागणार आहे. कुणाला सांगू नका ना."

हॉस्पिटलमध्ये अशा अत्याचारांच्या तपासणीसाठीच नेमलेली एक नर्स होती. काकू तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "आय वॉश्ड. ऑल क्लोद्स. माय फॉल्ट." नर्सनं त्यांना खुर्ची दिली. मग तिनं सावकाश सांगितलं की आंघोळ झाली तरी तपासणी करता येते, औषधंही देता येतात. चूक तुमची नाही, हिचीही नाही, ज्यानं केलं त्याची आहे. आणि पोलिसांत जायचं की नाही, कधी जायचं, ते हिनं ठरवायचं.

"आत्ताच्या आत्ता बोलवा म्हणावं पोलीस," काकू मला म्हणाल्या. मुलीनं मान हलवली. नको. आता हुकूम सुटणार, असं मला वाटलं. काकू खुर्ची मुलीजवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. तुला काय पाहिजे ते सांग."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मुलीला पाणी हवं होतं. काकूंनी ते आणून दिलं.

पुढे ती समुपदेशनाला जायला लागली. काकू बरोबर जात आणि बाहेर बसून राहत. तिनं ते काम सोडलं, दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलीला काकू पहिल्याच दिवशी, पोहे पुढ्यात ठेवून, सांगत, "कुणी अंगाला हात लावला तर आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत घालायचे आणि मला हाक मारायची. आणि धुतले असले तरी हाक मारायची. लाज त्याला, आपल्याला नाही." नव्या मुलीचा घास तोंडातच राही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवातही त्यांनी हे सांगितलं. एक बाई म्हणाली, "मुलींनी कुणाच्या गाडीत बसूच नये मुळी."

"आज मी तुमच्या मिस्टरांच्या गाडीतून आले," काकू म्हणाल्या. "मग?"

दोघीतिघी वाण न घेताच उठून गेल्या.

काही महिन्यांनी मुलीनं आपणहून पोलिसांत तक्रार दिली. पण खटला उभा राहण्याआधीच काकू हार्ट अटॅकनं गेल्या. मला ते फार लागलं. अजूनही भांडायला कुणी नाही.

निकाल पुढे मुलीच्या बाजूनं लागला. मला मात्र तिची साक्षच आठवते. गाडी, रस्ता, त्याचे हात, सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. मग त्याच्या वकिलानं विचारलं, कपडे कुणी धुतले? काकूंनी, ती म्हणाली. त्या तुमच्या कोण?

ती थांबली. "लँडलेडी," म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.