चाळणीबाई

आमच्या इंग्रजीच्या बाईंना 'एक पक्षी' या दोन शब्दांनी जितका संताप यायचा, तितका कुणाच्या शिवीनंही आला नसता. वर्गात सगळ्यांकडे एक गाईड असायचं. त्यात हेरॉन म्हणजे एक पक्षी, स्टॉर्क म्हणजे एक पक्षी आणि आयबिस म्हणजेही एक पक्षीच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ते गाईड टेबलावर आपटलं. "हे लिहिणाऱ्याले इचारा, तुमचं पोट्टं जत्रेत हरपलं तं चौकीत जाऊन काय सांगान? एक पोट्टं?" वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

जऊळक्याजवळचं आमचं गाव आणि मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष. बाई रिसोडकडच्या, मजुरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या घरात आलेला पहिला पगार त्यांचाच. नोकरी अजून कायम झाली नव्हती. वर्षअखेरच्या तपासणीत साहेबांचा शेरा चांगला पडला तरच होणार होती. हे आम्हालाही ठाऊक होतं, कारण हेडमास्तर त्यांना ते आमच्यादेखत ऐकवायचे. अशा बाईनं मान खाली घालून वागावं, ही गावाची अपेक्षा. ती बाईंनी कधी मनावर घेतली नाही. वर्गातही त्या बिनदिक्कत वऱ्हाडी बोलायच्या.

"इंग्रजी शब्दाले आपला शब्द भेटलाच पाह्यजे," त्या म्हणायच्या. "नाई भेटला तं शोधाले जाऊ." आणि खरंच न्यायच्या. दुष्काळी कामावर आमच्याच आयांनी माती वाहून बांधलेला तलाव आता भरला होता, आणि त्याच्या काठच्या चिखलात लांब पायांचे नाना पक्षी उतरू लागले होते. पुठ्ठे निघालेला चित्रांचा शब्दकोश काखेत मारून बाई आम्हाला तिथं उभं करायच्या. बसली की मातकट आणि उडाली की पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी हेरॉनच्या घरातली. शेपूट खालीवर हलवत काठानं पळणारा तुतवार म्हणजे सँडपायपर. एकदा त्यांनी आयबिसला करकोचा म्हटलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काल मी चुकले', आणि खाली दोन चोची काढल्या. करकोच्याची सरळ, आयबिसची विळ्यासारखी वाकलेली. "अरे, हा तं आपला कुदळ्या!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, तेव्हा बाईंचा चेहरा असा फुलला की आम्हीच खूश झालो.

मग 'सिफ्ट' आणि 'विनो' आले. गाईडात दोन्हींचा अर्थ चाळणे. बाईंनी घरून चाळणी आणि सूप आणलं, शेरभर गहू आणला, आणि सूप मुद्दाम एका पोराच्या हातात दिलं. तो लाजून मागं सरला. "सूप धरल्यानं हात झडत नाई," बाई म्हणाल्या. त्यानं झटका दिला आणि सगळे गहू स्वतःच्या तोंडावर उडवून घेतले. पण त्या दिवशी सगळ्यांना कळलं की सिफ्ट म्हणजे चाळणं, आणि सुपानं नाहीतर वाऱ्यानं भूस उडवून दाणा खाली पाडणं म्हणजे विनो, आपलं पाखडणं-उफणणं. पोराच्या हातात सूप दिलं म्हणून त्याचा बाप तक्रार घेऊन आला. गावानं बाईंचं नाव चाळणीबाई पाडलं. "खुशाल म्हना," एवढंच त्या बोलल्या.

हेडमास्तर मात्र चिडले. "बाई, ही शाळा आहे, खळं नाही."

"सर, खळ्यावर निदान भूस आन दाना येगळा होते. इथं समदंच पोत्यात भरून राह्यले."

तपासणीच्या दिवशी गाईडातलेच अर्थ सांगायचे, अशी हेडमास्तरांनी आम्हाला तंबी दिली होती. साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "हेरॉन?" त्यांच्या मागं उभे राहून हेडमास्तर ओठांनी 'एक पक्षी, एक पक्षी' करत होते. तरी माझ्या तोंडातून बाईंनी दाखवलेलंच निघालं, "ढोकरीच्या जातीचा असते साहेब. मान आखडून पान्यात उभा राह्यते. मासोळी दिसली का मान फेकते."

"ढोकरी-बिकरी काय? एक पक्षी म्हण. परीक्षेला तेवढंच लागतं."

"साहेब, पोट्टी बरोबर सांगून राह्यली," बाई म्हणाल्या.

"तुम्ही अजून कायम नाही आहात, बाई."

"नाई. पन 'एक पक्षी' बरोबर धरत असान, तं तुमच्या कागदावर माह्यं नावही 'एक बाई' लिहा."

साहेबांनी वाईट शेरा लिहिला. लेखी माफी मागा, सांभाळून घेऊ, असं हेडमास्तरांनी सुचवलं. बाईंनी विचारलं, "माफी कायची? पोरीनं खरं सांगतलं याची?" आणि नोकरी गेली.

त्या निघाल्या त्या दिवशी मी यष्टीच्या थांब्यावर ढसाढसा रडले. माझ्या उत्तरानं त्यांचा पगार गेला, हे मला सहन होत नव्हतं. बाईंनी ट्रंक खाली ठेवली आणि मला चांगलंच झापलं. "कायले रडतं? माह्या नोकरीसाठी तू खोटं बोलली असती, तं मले तोंड दाखवाले जागा राह्यली नसती. डोळे पूस." गाडी सुटली तरी त्या खिडकीतून रागानंच पाहत होत्या. मला त्या इतक्या आवडायच्या की त्यांचा तो रागही मला पुरला.

जूनमध्ये नवे सर आले. त्यांनी गाईड उघडलं आणि सांगायला लागले, "क्रेन, एक पक्षी." कुणीच लिहिलं नाही. ठरलेलं काही नव्हतं. "लिहा!" सर ओरडले. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, कोनता?" त्यांनी छडी काढली. मी हात पुढे केला. मागं वळून पाहिलं तर अख्खा वर्ग हात पुढे करून रांगेत उभा होता.