नानांची ओवी आणि मॅडमचं मशीन

आमच्या लॅबमधून वर्षाकाठी शोधनिबंध निघतात दोन-तीन, किस्से मात्र महिन्याला डझनभर. निबंध छापून येतात, किस्से चहाबरोबर संपतात. म्हणून थोडे इथं सांगून ठेवतो.

लॅब म्हणजे तुळजापूरजवळच्या एका कॉलेजातल्या दोन खोल्या. तिथं डॉ. कमल मॅडम कॉम्प्युटरला गाणं रचायला शिकवतात. मी त्यांचा असिस्टंट. मॅडम तामलवाडीच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. त्यांचे वडील, नाना, धनगरी ओव्या गातात. त्या ऐकून मशीननं तशाच आवाजात नव्या चाली रचायच्या, हे आमचं काम.

*

पहिल्यांदा नानांना स्टुडिओत बसवलं. एसी, माईक, हेडफोन. नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बसून गाता येत न्हाय मला. म्होरं मेंढरं चालली पायजेत."

मग माईक त्यांच्या पटक्याला बांधला आणि मी दिवसभर कळपामागं चाललो. रजिस्टरात 'ऑन ड्युटी' लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'मेंढ्या'.

*

आमच्या एका हुशार विद्यार्थिनीनं त्या रेकॉर्डिंगमधून मेंढ्यांच्या घंट्या 'नॉईज' म्हणून साफ केल्या. मशीन शिकलं, पण लय काही जमेना. मधेच अडखळायचं, मधेच पळायचं. आठवडाभर कोड तपासला. शेवटी मॅडमच्या ध्यानात आलं, नाना ताल धरत होते तो पुढच्या मेंढीच्या घंटीवर. घंट्या परत घातल्या आणि गाणं सरळ चालू लागलं.

निबंधाच्या शेवटी मॅडमनी त्या मेंढीचे आभार मानलेत. छापूनही आलेत!

*

मॅडमच्या गावाकडं एका लग्नघरी विचारणा झाली, तुमचं ते मशीन वरातीला मिळंल का, त्याला गाणी किती येतात? मॅडमनी समजावलं की त्याला पाठ एकही येत नाही, ते दर वेळी नवीन रचतं.

नवऱ्याचे चुलते जरा विचारात पडले. "मग नाचायचं कशावर?"

*

पहिली धड चाल तयार झाली तेव्हा आम्ही लई खूश. नानांना ऐकवली. ऐकता ऐकता ते बेचैन झाले. "ह्यो दम कवा खातो? मरंल की."

खरंच, रेकॉर्डिंगमधले नानांचे श्वास आम्ही कापून टाकले होते. मॅडमनी त्याच दिवशी ते परत घातले.

*

गेल्या वर्षी लॅब चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला बाहेरून तज्ज्ञांची समिती आली. हे माणसासारखं गातं याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी दोन चाली लावल्या, एक नानांची, एक मशीनची. दोन्हींत शब्द नव्हते, नुसता सूर. तीन तज्ज्ञ, तीन मतं. अध्यक्ष म्हणाले, गाणाऱ्यालाच विचारू.

नाना मागच्या बाकावर बसले होते. चाली पुन्हा लावल्या. दुसरी सुरू होताच त्यांनी हात वर केला. "ही माझी."

मॅडम हळूच म्हणाल्या, "नाना, ती मशीनची आहे."

नानांनी ती परत लावायला सांगितली. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि अध्यक्षांकडं बघून म्हणाले,

"शिकली म्हणायची पोरगी."